विम डाउसेनबर्ग: प्राध्यापक, अर्थमंत्री आणि युरोवरची पहिली सही – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विम डाउसेनबर्ग कोण होते?

नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ. १९७३ ते १९७७ देशाचे अर्थमंत्री, १९८२ ते १९९७ तिथल्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष आणि १९९८ ते २००३ युरोपीय मध्यवर्ती बँकेचे पहिले अध्यक्ष. जन्म ९ जुलै १९३५, फ्रीसलंड प्रांतातल्या हेरेनफेन गावचा. आपल्याकडे त्यांचं नाव निघतं ते युरोच्या संदर्भात. पण मंत्री म्हणून त्यांनी काढलेली साडेचार वर्षं बाजूला ठेवली तर पुढचा माणूस अर्धाच कळतो, असं माझं मत आहे. म्हणून या पानावर त्या वर्षांना थोडी जास्त जागा दिली आहे.

त्यांचा अभ्यासाचा विषय काय होता?

शिक्षण ग्रोनिंगेन विद्यापीठात. १९६५ साली डॉक्टरेट मिळवली ती ‘नि:शस्त्रीकरणाचे आर्थिक परिणाम’ या विषयावर. शीतयुद्ध ऐन भरात असताना तिशीतला एक तरुण विचारत होता की संरक्षणावरचा खर्च उद्या कमी झाला तर कारखान्यांचं, नोकऱ्यांचं आणि सरकारी तिजोरीचं काय होईल. प्रश्न आदर्शवादी, पण उत्तर शोधायचं ते आकड्यांत. हा स्वभाव पुढेही टिकला.

त्यानंतर वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत नोकरी, मग मायदेशी मध्यवर्ती बँकेत सल्लागार आणि १९७० पासून ॲमस्टरडॅम विद्यापीठात समग्रलक्षी अर्थशास्त्राचे प्राध्यापक.

प्राध्यापक थेट अर्थमंत्री कसा झाला? निवडणूक लढवावी लागत नाही का?

नेदरलँड्समध्ये मंत्र्याला एकाच वेळी खासदार राहता येत नाही. खासदार मंत्री झाला की त्याला संसदेतली जागा सोडावी लागते. त्यामुळे बाहेरचा जाणकार माणूस मंत्रिमंडळात घेणं तिथे अगदी नित्याचं. आपल्याकडे उलटं आहे. मंत्री झालेल्याला सहा महिन्यांत संसदेचं सदस्यत्व मिळवावंच लागतं. १९९१ साली मनमोहन सिंग अर्थमंत्री झाले आणि मागाहून राज्यसभेत गेले, ते याच नियमामुळे.

डाउसेनबर्ग मजूर पक्षाचे सदस्य होतेच. नोव्हेंबर १९७२ च्या निवडणुकीनंतर आघाडी जमवताना महिनोन्‌महिने गेले आणि अखेर ११ मे १९७३ ला योप डेन आउल यांचं सरकार आलं. त्या देशातलं आजवरचं सर्वांत डावं सरकार म्हणून ते ओळखलं जातं. खुद्द पंतप्रधानही अर्थशास्त्र शिकलेले. त्यांनी तिजोरीच्या किल्ल्या दिल्या ३७ वर्षांच्या डाउसेनबर्गना.

मंत्री होताच त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं?

तेल. खुर्चीवर बसून पुरते सहा महिनेही झाले नव्हते, तोच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब–इस्रायल युद्ध पेटलं. इस्रायलला पाठिंबा दिल्याबद्दल अरब देशांनी नेदरलँड्सचा तेलपुरवठा तोडला. पश्चिम युरोपातल्या फार थोड्या देशांच्या वाट्याला अशी थेट बंदी आली. ४ नोव्हेंबर १९७३ पासून दर रविवारी मोटारी चालवायला मनाई झाली. महामार्गांवर माणसं सायकली घेऊन उतरली, मुलं चाकांचे बूट घालून फिरली. ती छायाचित्रं आजही तिथल्या पाठ्यपुस्तकांत आणि भिंतींवर दिसतात. जानेवारी १९७४ मध्ये काही काळ पेट्रोलचं रेशनिंगही झालं.

पण यात एक गंमत होती. ग्रोनिंगेन प्रांतात १९५९ साली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला होता आणि त्या वायूची किंमत तेलाच्या किमतीशी जोडलेली होती. म्हणजे तेल महागलं तसा सरकारचा वायूचा गल्लाही भरू लागला. जनतेच्या खिशाला कात्री आणि तिजोरीत भर, असा विचित्र प्रकार. अशा वेळी अर्थमंत्र्याला ‘नाही’ म्हणणं सर्वांत अवघड जातं, कारण समोरचा विचारतो, ‘पैसे आहेत ना, मग अडतंय कुठे?’

त्यांनी ‘नाही’ म्हटलं का?

सुरुवातीला नाही. पहिल्या दोन वर्षांत सरकारने सढळ हाताने खर्च केला. भत्ते वाढले, किमान वेतन वाढलं, निवृत्तिवेतनं वाढली. जागतिक मंदीत मागणी टिकवायची तर सरकारने खर्च करायला हवा, हे त्या काळातलं रूढ अर्थशास्त्र होतं आणि डाउसेनबर्गही त्याच पठडीतले. १९७५ पर्यंत महागाई १० टक्क्यांच्या आसपास गेली. वायूच्या निर्यातीमुळे गिल्डर हे चलन महाग झालं, त्यामुळे कापड आणि जहाजबांधणीसारखे जुने उद्योग परदेशी मालापुढे टिकेनात. वायूच्या पैशाने एका हाताने कामगाराला भत्ता द्यायचा आणि त्याच वायूमुळे दुसरीकडे त्याचा कारखाना बंद पडायचा. १९७७ साली एका ब्रिटिश साप्ताहिकाने या दुखण्याला ‘डच आजार’ असं नाव दिलं आणि ते जगभर रूढ झालं.

मग आला एक टक्क्याचा नियम.

‘एक टक्क्याचा नियम’ म्हणजे नेमकं काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि उत्तरं सर्वांत जास्त चुकीची दिली जातात. ‘डाउसेनबर्गनी खर्च एक टक्क्याने कापला’ असं काही ठिकाणी वाचायला मिळतं. तसं काही झालं नव्हतं.

समजा देशाचं एकूण उत्पन्न १०० रुपये आहे. त्यातले ५० रुपये कर आणि सामाजिक विम्याचे हप्ते म्हणून सरकारी यंत्रणेकडे जातात. हा वाटा त्या काळात दर वर्षी एका टक्क्याहून जास्त फुगत होता. १९७५-७६ मध्ये डाउसेनबर्गनी सांगितलं, की यापुढे तो वर्षाला फार तर एकाने वाढेल. यंदा ५० असेल तर पुढच्या वर्षी ५१, त्यावर नाही. म्हणजे वाढ थांबवलेली नव्हती, तिचा वेग आवरला होता. आजच्या नजरेने पाहिलं तर ही मर्यादा भलतीच उदार वाटते. पण डाव्या सरकारच्या डाव्या अर्थमंत्र्याने सरकारच्या वाट्याला मुळात मर्यादा हवी असं लेखी मांडणं, हीच त्या वेळी खळबळजनक गोष्ट होती. कामगार संघटना बिथरल्या, स्वपक्षीयांनी नाकं मुरडली, खर्चिक खात्यांच्या मंत्र्यांशी खडाजंगी झाली. आणि पक्षाबाहेरच्या टीकाकारांनी ‘फार थोडं, फार उशिरा’ म्हणून नावं ठेवली.

माझ्या मते दोन्ही बाजूंचं थोडंथोडं बरोबर होतं. नियमाने तूट आटोक्यात आली नाही. खरी कपात १९८२ नंतर रूड ल्युबर्स यांच्या सरकारने केली. पण सरकारने स्वतःला आकड्यात बांधून घ्यायची सवय तिथून लागली. पुढे १९९४ मध्ये अर्थमंत्री खेरिट झाल्म यांनी खर्चाच्या मर्यादेचा जो प्रसिद्ध नियम आणला, तो याच वाटेवरचा.

ते डावे होते की उजवे?

मजूर पक्ष त्यांनी कधी सोडला नाही. बाकी तुम्हीच ठरवा.

मंत्रिपद गेल्यावर काय केलं?

डेन आउल यांचं सरकार मार्च १९७७ मध्ये जमिनीच्या धोरणावरून पडलं. मे महिन्यातल्या निवडणुकीत मजूर पक्षाने ५३ जागा जिंकल्या, तरी आघाडीचं घोडं अडलं आणि डिसेंबरात मजूर पक्षाला वगळून दुसरं सरकार आलं. डाउसेनबर्ग थोडा काळ खासदार राहिले. मग राबोबँकेच्या संचालक मंडळावर गेले. ही शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थांतून उभी राहिलेली बँक. तिचं मूळ जर्मनीच्या राइफायझन यांच्या कल्पनेत आहे. १९०४ च्या कायद्याने भारतात ज्या सहकारी पतपेढ्या सुरू झाल्या त्यांचंही मूळ तेच. गावोगावच्या विकास सोसायट्या पाहिलेल्या मराठी वाचकाला त्या बँकेचा ढाचा लगेच ओळखीचा वाटेल. १९८१ मध्ये ते मध्यवर्ती बँकेत परतले आणि १९८२ च्या सुरुवातीला तिचे अध्यक्ष झाले.

माजी मंत्र्याला मध्यवर्ती बँकेचा प्रमुख करणं धोक्याचं नाही का?

शंका रास्त आहे. राजकारणातून आलेला माणूस जुन्या सहकाऱ्यांना व्याजदर कमी करून देईल, ही भीती कुठल्याही देशात असते. पण नेदरलँड्समध्ये ही वाट आधीच मळलेली होती. डाउसेनबर्ग यांच्या आधीचे अध्यक्ष येले झेल्स्ट्रा हे प्राध्यापक, मंत्री आणि काही महिने चक्क पंतप्रधानही होते.

आणि डाउसेनबर्ग यांच्या बाबतीत भीती उलटी ठरली. टेबलाच्या पलीकडे बसलेला मंत्री काय मागणार, कुठल्या आठवड्यात मागणार आणि ‘देशहित’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात कुठली निवडणूक आहे, हे त्यांना आतून ठाऊक होतं. स्वतः त्याच खुर्चीत बसून त्यांनी हे सगळं केलेलं. त्यामुळे नकार देताना त्यांचा हात थरथरला नाही. त्यांच्या पुढच्या वीस वर्षांचा उलगडा मला यातच होतो.

१९८३ साली नेमकं काय बिनसलं?

त्यांच्या अध्यक्षपदाची खरी परीक्षा याच वर्षी झाली. त्या काळी युरोपातली चलनं एकमेकांशी ठरावीक दराने बांधलेली असत आणि अधूनमधून दर नव्याने ठरत. मार्च १९८३ मध्ये जर्मन मार्कचं मूल्य ५.५ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. गिल्डरने मार्कबरोबरच वर जावं, असं डाउसेनबर्ग यांचं मत. निर्यातदारांना थोडा दिलासा हवा, म्हणून गिल्डर फक्त ३.५ टक्के वाढवावा, असं सरकारचं मत. अर्थमंत्री होते ओनो रूडिंग. सरकारने बँकेचा सल्ला बाजूला सारला.

फरक अवघा दोन टक्क्यांचा, पण बाजाराने त्याचा अर्थ वेगळा लावला. आज दोन टक्के सोडले, उद्या चार सोडतील. मग गिल्डरमध्ये कर्ज देणाऱ्याने जर्मनीपेक्षा जादा व्याज मागायला सुरुवात केली आणि हा जादा व्याजाचा भुर्दंड देशाने कित्येक वर्षं भरला. त्यानंतर कुठल्याही सरकारने गिल्डर मार्कपासून ढळू दिला नाही. १०० मार्कांना ११२.६७ गिल्डर हा दर युरो येईपर्यंत टिकला. ऑगस्ट १९९३ मध्ये सगळी व्यवस्था कोसळायच्या बेताला आली आणि इतर चलनांना दोन्ही बाजूंना १५ टक्के हलायची मुभा द्यावी लागली, तेव्हाही गिल्डर आणि मार्क यांनी आपसातली जुनी २.२५ टक्क्यांची चौकट मोडली नाही.

त्यांना ‘मिस्टर पंधरा मिनिटं’ का म्हणत?

बुंडेसबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर बदलला की पाव तासात ॲमस्टरडॅमहून तसाच निर्णय यायचा, म्हणून. टोमणा बोचरा होता. पण गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला गाडी आपणच ओढतो असं वाटतं म्हणतात, तसा भ्रम त्यांना कधी झाला नाही. छोट्या, व्यापारावर जगणाऱ्या देशाने मोठ्या शेजाऱ्याच्या चलनाला धरून राहावं हे त्यांनी विचारपूर्वक पत्करलेलं धोरण होतं आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. युरोच्या स्थापनेमागेही छोट्या देशांचं हेच गणित होतं. जर्मनीचे निर्णय नाहीतरी पाळावे लागणारच, मग ते घेतले जातात त्या टेबलाशी आपल्यालाही एक खुर्ची असलेली बरी.

युरोपीय बँकेच्या अध्यक्षपदावरून एवढा वाद का झाला?

जवळजवळ सगळ्या मध्यवर्ती बँकांचे प्रमुख डाउसेनबर्ग यांच्या बाजूने होते. बँकेची पूर्वतयारी करणाऱ्या फ्रँकफर्टच्या संस्थेची धुरा १९९७ मध्ये त्यांच्याकडेच आली होती. पण बँक जर्मनीत, अध्यक्षही जर्मन वळणाचा, हे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जॅक शिराक यांच्या पचनी पडेना. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांनी आपल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख जाँ-क्लोद त्रिशे यांचं नाव पुढे केलं.

मे १९९८ च्या पहिल्या शनिवार–रविवारी ब्रुसेल्समध्ये नेते जमले. युरोपीय संघाचं फिरतं अध्यक्षपद तेव्हा ब्रिटनकडे, म्हणजे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याकडे. दुपारच्या जेवणाला बसलेली मंडळी मध्यरात्र उलटली तरी उठली नव्हती. बँकेच्या स्थापनेच्या करारात अध्यक्षाची मुदत आठ वर्षांची आणि ती अर्ध्यावर तोडायची सोय नव्हती. तेव्हा तोडगा निघाला तो ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा. नेमणूक आठ वर्षांसाठीच, मात्र ‘वयाचा विचार करता पूर्ण मुदत थांबायची इच्छा नाही’ असं निवेदन डाउसेनबर्ग स्वतःहून करणार. कधी जायचं ते मीच ठरवणार, हेही त्यांनी बजावलं. शिराक यांनी मात्र चार वर्षांत ते जातील असंच गृहीत धरलं.

पुढे झालं ते मजेशीर आहे. डाउसेनबर्गनी ६८ व्या वाढदिवशी, म्हणजे ९ जुलै २००३ ला निवृत्त होण्याचं जाहीर केलं. तोवर त्रिशे एका बुडीत फ्रेंच बँकेच्या हिशेबांच्या खटल्यात अडकले होते. जून २००३ मध्ये ते निर्दोष सुटले आणि १ नोव्हेंबरला त्यांनी सूत्रं घेतली. तोपर्यंत डाउसेनबर्ग थांबून राहिले. ज्यांना त्यांच्या जाण्याची घाई होती, त्यांच्याच उमेदवारासाठी.

त्यांच्या काळात युरो घसरला. दोष त्यांचा का?

जानेवारी १९९९ मध्ये युरो सुमारे १.१८ डॉलरला सुरू झाला आणि ऑक्टोबर २००० मध्ये ८२ सेंटपर्यंत खाली आला. मुख्य कारण अमेरिकेतली तेजी. जगभरचा पैसा तिकडे धावत होता. पण थोडा दोष त्यांच्या जिभेचाही. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिका आणि जपानला सोबत घेऊन युरोपीय बँकेने युरो सावरायला बाजारात हस्तक्षेप केला. काही आठवड्यांतच डाउसेनबर्गनी एका ब्रिटिश वृत्तपत्राला मुलाखत दिली आणि कुठल्या परिस्थितीत पुन्हा हस्तक्षेप करणं योग्य ठरणार नाही, ते मोकळेपणाने सांगून टाकलं. बाजाराला हवं होतं तेच मिळालं, युरो आणखी आपटला. राजीनाम्याची मागणी झाली. मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखाने पत्ते छातीशी धरून बोलावं, हे इतकी वर्षं त्या धंद्यात काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं.

त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटी युरो १.१५ डॉलरच्या वर होता आणि महागाई सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास. ज्या कामासाठी बँक काढली ते काम झालं होतं.

राजकारण्यांचं ते ऐकत नसत, हे खरं का?

राजकारणी बोलतात ते आम्हाला ऐकू येतं, पण आम्ही ते मनावर घेत नाही, अशा अर्थाचं त्यांचं २००१ सालचं वाक्य गाजलं. मात्र महिनाभरातच, १० मे २००१ ला, बँकेने व्याजदर पाव टक्क्याने उतरवून सगळ्यांना चकित केलं. त्याआधी जर्मनीचे अर्थमंत्री ऑस्कर लाफोंतेन व्याजदर कमी करा म्हणून सतत जाहीर टुमणं लावत होते, तेव्हा दर हलला नव्हता. मार्च १९९९ मध्ये लाफोंतेन यांनी राजीनामा दिला आणि एप्रिलमध्ये दर एकदम अर्ध्या टक्क्याने खाली आला. मागणाऱ्याच्या दबावाखाली दिलं असं दिसू नये, यासाठी ते थांबले असावेत, असा अनेकांचा तर्क आहे. मलाही तो पटतो.

चिंतामणराव देशमुखांशी त्यांची तुलना करता येईल का?

रायगडचे सी. डी. देशमुख १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर १९५० ते १९५६ केंद्रीय अर्थमंत्री. म्हणजे वाट तीच, दिशा उलटी. देशमुख बँकेतून मंत्रालयात गेले, डाउसेनबर्ग मंत्रालयातून बँकेत. देशमुख मूळचे सनदी अधिकारी, अर्थशास्त्राचे प्राध्यापक नव्हेत. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडलं, हे मराठी माणसाला सांगायला नको. डाउसेनबर्ग यांच्यावर असा प्रसंग आला नाही. १९८३ मध्ये सल्ला धुडकावला गेला तरी ते पदावर राहिले, आणि माझ्या मते ते योग्यच होतं.

त्यांची सही असलेल्या युरो नोटा अजून चालतात का?

चालतात. १ जानेवारी २००२ ला बाजारात आलेल्या पहिल्या मालिकेच्या नोटांवर निळ्या झेंड्याजवळ त्यांची सही आहे. पुढे त्याच मालिकेवर त्रिशे आणि मारिओ द्रागी यांच्याही सह्या आल्या. सही कुणाचीही असो, नोटेची किंमत तीच. आपल्या नोटेवर गव्हर्नर धारकाला रक्कम अदा करण्याचं वचन देतो, तसं वचन युरोच्या नोटेवर छापलेलं नाही. नुसती सही आहे.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

३१ जुलै २००५ रोजी, दक्षिण फ्रान्समधल्या फोकाँ गावी, स्वतःच्या घरच्या तरणतलावात. हृदयविकाराचा त्रास होऊन ते बुडाले. वय ७०. दफन ॲमस्टरडॅमच्या झोर्गफ्लीट दफनभूमीत.

घरात जुने गिल्डर सापडले आहेत. बदलून मिळतील का?

नाणी मिळणार नाहीत, त्यांची मुदत २००७ च्या सुरुवातीलाच संपली. बहुतेक नोटा मात्र १ जानेवारी २०३२ पर्यंत नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेत बदलता येतात. दर ठरलेला आहे, २.२०३७१ गिल्डरना एक युरो. नोट कुठल्या मालिकेची आहे त्यावर मुदत ठरते, म्हणून पाठवण्याआधी बँकेच्या यादीत तपासून घ्या.